रोलरपलीकडची बाई

माझ्या सासूबाईंना चादरीची घडी चुकलेली खपत नाही. माणूस चुकलं तर एकवेळ त्या गप्प बसतील, पण चादरीचे कोपरे जुळले नाहीत तर "चादर आहे का बोचकं?" असं ऐकवल्याशिवाय राहणार नाहीत. एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन घरी आल्या, पण हात तिथेच राहिले. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कपाटासमोर उभं केलं आणि सगळ्या घड्या मोडून पुन्हा घालायला लावल्या. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, आता जन्मभर नोकरी लागली!

त्यांची दुसरी ओळख म्हणजे प्रार्थना. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी आजारी पडलं की डॉक्टरकडे जाता जाता लोक आमची कडी वाजवत. प्रार्थना लांबलचक असायची, पण कुणी कंटाळायचं नाही, कारण त्या देवाला पत्तासुद्धा सांगत. "प्रभू, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून डावीकडची खोली, तिथली आजी बघ." आमचे हे म्हणायचे, "आई असताना देवाला घर सापडलं नाही असं होणारच नाही."

आणि तिसरी ओळख, बहिरी मावशी. ही सासूबाईंची लाँड्रीतली जोडीदारीण. दोघी एकाच वर्षी कामाला लागल्या, एकाच वर्षी सुटल्या. मावशींनी लग्न केलं नाही, एका खोलीत एकट्या राहतात. डाव्या हाताची दोन बोटं कामावर भाजली होती, ती काडीसारखी ताठ राहिली आहेत. मावशींना ऐकू येत नाही म्हणून उपासनेला दोघी पहिल्या बाकावर बसत, आणि पाळकांचं महत्त्वाचं वाक्य आलं की सासूबाई मावशींच्या कानाशी वाकून ते मोठ्यानं पुन्हा सांगत. त्यामुळे आमच्याकडे उपदेश सगळ्यांनाच दोनदा ऐकायला मिळायचा.

मावशींशी बोलताना सगळेच ओरडत. मीही ओरडायचे. त्या मान हलवून ऐकायच्या आणि वर पुन्हा विचारायच्या, "काय म्हणालीस? बरोबर ऐकलं ना मी?" बरोबरच ऐकलेलं असायचं. पण कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

गेल्या वर्षी नवे पाळक आले. वयानं लहान, बोलणं हळू. एका रविवारी ते म्हणाले, "आपण देवाला बाहेरच्या खोलीत बसवतो. चांगली खुर्ची देतो, पाणी देतो, त्याच्यासमोर गोड बोलतो. तोही बसतो. पण आतल्या खोलीचं दार आपण लोटून घेतलेलं असतं. त्याला आत यायचंय. ज्यांना आता त्याला आत घ्यायचं असेल, त्यांनी आठ शनिवार सकाळी माझ्याबरोबर बसावं, आणि आठव्या आठवड्याच्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी, सगळ्यांसमोर स्वतःला नव्यानं त्याच्या हाती द्यावं."

सगळ्या मंडळीनं आधी सासूबाईंकडेच पाहिलं. दुसरं कोण असणार?

पण सासूबाई काही नाव देईनात. आधी म्हणाल्या गुडघे दुखतात. मग म्हणाल्या, मोतीबिंदू दाखवायचाय. पाळक घरी येऊन विचारून गेले, तर त्यांना सांगितलं, "नातवाची परीक्षा आहे हो." नातू दुसरीत होता. पाळक चहा पिऊन हसत निघून गेले, आणि मला आपली उगाच लाज वाटली. मी विचारलं, "आई, अहो, तुम्हीच नाही गेलात तर कोण जाणार?"

"तू जा," त्या फटकन म्हणाल्या. "सगळं म्हातारीच्याच गळ्यात घाला."

त्यांचा स्वर असा कधी नसे. 

दोनतीन दिवसांनी दुपारी आम्ही गॅलरीत चादरी काढत होतो. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. त्यांनी चादर झटकली, ताणली, कोपरे जुळवायला माझ्याकडे दोन पावलं आल्या आणि मधेच थांबल्या. चादर आमच्या दोघींच्या मधे लोंबत राहिली.

"मी त्याला कधीच आत घेतलेलं नाही गं," त्या म्हणाल्या.

मला आधी कळेचना, कुणाला. मग त्यांनी सांगितलं. चादर धरूनच सांगितलं, बहुधा समोर काहीतरी आड असावं म्हणून.

लाँड्रीत चादरी सुकवून इस्त्री करायचा एक मोठा रोलर होता. तापलेला, खाटेएवढा रुंद. अलीकडून एकीनं ओली चादर सरकवायची, पलीकडून दुसरीनं सुकलेली ओढून घ्यायची. मधे लोखंडी झाकण आणि वाफ, एकमेकींचं तोंड दिसत नसे. चादर अडकली की रोलर थांबवायचा, पलीकडचीनं हात घालून कोपरा सोडवायचा. म्हणून नियम एकच होता. रोलर पुन्हा चालू करायला पायाखालची कळ दाबायच्या आधी अलीकडचीनं हाक मारायची, "सोडते गं!" म्हणजे पलीकडची हात काढून घेते. दिवसातून शंभरदा ही हाक. सासूबाई अलीकडे, मावशी पलीकडे.

"त्या दिवशी मी हाक मारली नाही," सासूबाई म्हणाल्या. "भांडण नव्हतं, काही नव्हतं. तुझा नवरा चार महिन्यांचा होता. रात्रभर रडला होता आणि मी उभ्या उभ्या पेंगत होते. पायानं कळ दाबली, तोंडानं हाक मारायची राहिली. एवढंच."

पलीकडून किंकाळी आली. मावशींना दवाखान्यात नेलं, आणि मुकादमानं सासूबाईंना सगळ्यांसमोर विचारलं, "हाक मारली होतीस?"

"मी म्हटलं, हो."

"मग तिनं हात का नाही काढला?"

"मी म्हटलं, तिला ऐकू गेलं नसेल."

मावशी पट्टी बांधून कामावर आल्या तेव्हा मुकादमानं त्यांची परीक्षा घेतली. सगळी यंत्रं धडधडत असताना मागे उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "तू आता घरी जा." मावशींनी वळून पाहिलं नाही. त्या गोंगाटात कुत्र्यानंसुद्धा कान टवकारले नसते! पण मुकादमानं हात झटकले, "बघा, बहिरी आहे ही," आणि कागदावर तसं लिहून टाकलं. मावशींना रोलरवरून काढून फाटक्या चादरी शिवायच्या खोलीत बसवलं. ताठ बोटांनी सुई धरायची. त्या दिवसापासून त्या बहिऱ्या.

"आणि मावशी काही बोलल्या नाहीत?"

"आधी म्हणाली, मला येतं ऐकू. बाया हसल्या. मग एक दिवस मलाच विचारायला लागली, अगं, खरंच तू हाक मारली होतीस? मी म्हटलं, हो गं. तेव्हा म्हणाली, मग माझेच कान गेले असतील." सासूबाईंनी चादरीची किनार मुठीत गोळा केली. "एकदा बोलले ते खरं ठेवायला मग मला रोज तिच्या कानाशी ओरडावं लागलं. चाळीस वर्षं ओरडतेय मी."

मी काय करायला हवं होतं? आज मला माहीत आहे. पण तेव्हा मी काय बोलले तेही लिहिते, कारण ते लपवलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "जाऊ द्या आई. इतकी वर्षं झाली. आता सांगून त्यांनाही त्रास, तुम्हालाही. देवाला माहीतच आहे की."

"त्याला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "म्हणूनच तो आत येतो म्हणतोय आणि मला घाम फुटतोय." मग पुढे येऊन त्यांनी कोपरे जुळवले. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं, लोक काय म्हणतील. अमकीची सून म्हणून मीही मंडळीत जरा मिरवायचे ना!

पुढच्या बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थना होती. ज्या घरी जमलो होतो तिथे बारा बायका, आठ खुर्च्या, बाकीच्या खाली. प्रार्थनेआधी प्रत्येकीनं आपापलं मागणं सांगायचं. मावशींचं मागणं दर वेळी एकच, कान. सगळ्यांना पाठ होतं, आणि दर वेळी सासूबाईच उठून मावशींच्या दोन्ही कानांवर हात ठेवून प्रार्थना करत. पण त्या दिवशी मावशींनी आणखी काही सांगितलं.

"मी शनिवारच्या बैठकीला नाव दिलंय," त्या म्हणाल्या. "आता या वयात का होईना, जवळ जायचंय त्याच्या. पण आपले पाळक हळू बोलतात. माझ्या कानांसाठी मागा गं. एवढे आठ शनिवार एक शब्दही निसटायला नको."

सासूबाई उठल्या. मावशींच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, हात उचलले. आम्ही डोळे मिटले. काहीच ऐकू येईना. मी डोळे उघडून पाहिलं तर सासूबाईंचे हात मावशींच्या कानांपासून वीतभर लांब तसेच थांबले होते. त्या काही केल्या टेकवेनात.

"प्रभू," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "प्रभू." आणि मग, "माझ्याच्यानं नाही होत." त्या मटकन खाली बसल्या.

धावपळ झाली. कुणी पंखा वाढवला, कुणी साखर आणायला आत गेली. मावशी शेजारी बसून त्या ताठ बोटांनी त्यांची पाठ चोळत राहिल्या. "अगं, ऊन लागलं असेल तुला. सकाळी काही खाल्लंस का?" सासूबाई मान खाली घालून ते हात सोसत होत्या. मी दुसऱ्या कोपऱ्यात उभी होते. सगळ्या बायका त्यांच्या तब्येतीबद्दल मला विचारत होत्या आणि मी म्हणत होते, "हो, ऊनच लागलं असणार."

बाहेर पडल्यावर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "मी हिच्या खोलीवर जातेय. तू चल. नाहीतर मी वाटेतून परत फिरेन."

मावशींची खोली एवढीशी. एक खाट, एक टेबल, खिडकीत धुतलेली दोन भांडी. मावशींनी चहा ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "चहा नको, बस. गॅस बंद कर आधी." आणि नेहमीच्या आवाजात, न ओरडता, सगळं सांगितलं. मला जे गॅलरीत सांगितलं होतं त्यापेक्षा कमी शब्दांत. पेंगत होते हेही सांगितलं नाही. फक्त, मी हाक मारली नव्हती, मारली म्हणून खोटं बोलले, आणि तुझे कान कधीच गेले नव्हते.

मावशींनी खिडकीतलं एक भांडं उचलून पुन्हा जागेवर ठेवलं. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मी कधीच विसरणार नाही.

"म्हणजे मला ऐकू येतं?"

"येतं."

"सगळं?"

"सगळं."

"मग," मावशी माझ्याकडे वळल्या, "मागे वार्षिक सभेला, कप विसळताना, तू शेजारच्या बाईला म्हणालीस ते खरंच म्हणाली होतीस? की बहिरीला आपल्या गटात घालू नका, तिच्याशी बोलून घसा बसतो?"

मी म्हणाले होते. हसत हसत, त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी राहून.

"मला वाटलं, मीच भलतं काहीतरी ऐकलं," मावशी म्हणाल्या. "ही पोर असं बोलणार नाही, माझ्या कानांचाच दोष. असं कितीदा तरी झालं. कुणी काही वाईट बोललं की मी म्हणायचे, बाई, तू बहिरी आहेस, लोकांवर आळ नको घेऊस."

आम्हा दोघींना तोंड वर करवेना. मावशींनी चिडून चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या एकेक गोष्ट जणू कपाटातून काढून समोर ठेवत होत्या. "गाणं सोडलं मी. गाणाऱ्यांत पहिल्या रांगेत उभी राहायचे, आठवतं का तुला? म्हटलं, सूर कानातच शिरत नसेल तर गळ्यातून काय निघणार. उगाच दुसऱ्यांचं बिघडवायचं."

"माफ कर गं," सासूबाई म्हणाल्या.

"नको. आज नको मागूस." मावशींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दर बुधवारी कानांवर हात ठेवायचीस माझ्या. देवाला काय वाटत असेल गं, ते हात बघून?"

सासूबाई रडल्या नाहीत. रडायला तोंडच नव्हतं.

शेवटी मावशी उठल्या आणि दार उघडलं. "मला खोलीत बसवून सांगितलंस, हे सोपं होतं. मुकादमाला सांग. त्यानं कागदावर लिहिलं होतं. मी बरोबर येते. तू काय सांगतेस ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

मुकादम आता ऐंशीच्या पुढे. लेकीकडे राहतात, दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिघी गेलो. समाईक गॅलरी, सगळ्यांची दारं उघडी, कुणी भाजी निवडतंय, कुणी केस विंचरतंय. लेकीनं आम्हाला बसवलं आणि म्हणाली, "जोरात बोला हं. लाँड्रीतल्या आवाजानं बाबांचे कान पार गेलेत. कानाचं मशीन आणून दिलंय, तर ते डब्यात ठेवतात, झिजेल म्हणून."

मावशींनी सासूबाईंकडे पाहिलं.

"साहेब, मी खोटं बोलले होते," त्या म्हणाल्या.

"आं?"

"मी खोटं बोलले होते! रोलरवर!"

"मोठ्यानं बोल, बाई! पोटात बोलू नकोस!"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. ज्या आवाजात त्या चाळीस वर्षं मावशींच्या कानाशी बोलल्या, त्याच आवाजात ओरडल्या, "मी हाक मारली नव्हती! हिची बोटं माझ्यामुळे भाजली! ही बहिरी नव्हती, मी खोटं बोलले!"

गॅलरीतलं विंचरणं थांबलं. शेजारच्या दारातून एक बाई डोकावली, तिच्या मागून आणखी एक. मी जमिनीकडे बघत राहिले. फरशीचा एक तुकडा उडालेला होता, तेवढाच मला दिसत होता. आणि लिहायला लाज वाटते, पण तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की यांतल्या कुणी आमच्या ओळखीच्या नसू देत.

मुकादमांना कळायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "पण मी परीक्षा घेतली होती की हिची!"

आता मावशी ओरडल्या, "यंत्रं चालू होती, साहेब! तुम्हाला तरी काय ऐकू आलं असतं?"

म्हातारा गुडघ्यावरचा पंचा नीट करत बसला. मग म्हणाला, "ते कागद आता कुठले? लाँड्रीची इमारतसुद्धा पाडली." आणि थोड्या वेळानं, कुणाकडेच न बघता, "तेव्हाच बोलली असतीस तर मी काय खाल्लं असतं का तुला?"

"भ्याले होते!" सासूबाई ओरडल्या. त्यांचा आवाज फाटला होता.

"पुरे," मावशी म्हणाल्या. "चला."

जिना उतरताना मावशी पुढे, आम्ही मागे. खाली रस्त्यावर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "शनिवारी मी येऊ का गं? का तू असशील तर नको?"

"मला कशाला विचारतेस? ज्यानं बोलावलंय त्याला विचार," मावशी म्हणाल्या. "पण माझ्या शेजारी बसू नकोस." आणि एकट्याच बसथांब्याकडे गेल्या.

सासूबाई आठही शनिवार गेल्या. त्याआधी पाळकांना भेटून सगळं सांगितलं. पाळक काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बैठकीत मावशी खिडकीजवळ बसत, सासूबाई अगदी मागे, दाराला पाठ लावून. घरी आल्या की खोलीत जाऊन बसत. एकदा मी चहा नेऊन दिला तर म्हणाल्या, "मला वाटायचं आत बोलावणं म्हणजे मान असतो. आत गेल्यावर कळतं गं, किती दिवस झाडलेलं नाही ते." बायकांच्या प्रार्थनेला जातात अजून, पण पुढे होऊन प्रार्थना करत नाहीत. कुणी आग्रह केला तर मान हलवतात.

मी मावशींची माफी मागायला दोनदा गेले. पहिल्यांदा दारावरूनच परत आले. दुसऱ्यांदा आत गेले, बसले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. निघताना कसंबसं बोलले. त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. त्याहून जास्त मला मिळायला हवं होतं असं मलाही वाटत नाही.

आठव्या रविवारी नावं दिलेले सातजण एकेक करून पुढे गेले. मावशी तिसऱ्या. पाळकांनी त्यांच्याशी बोलताना आवाज चढवला नाही. सासूबाई शेवटच्या. पाळकांनी विचारायच्या आधीच त्या मंडळीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. रोलर, हाक, खोटं, चाळीस वर्षं. मला दिसत होतं, एकेकाच्या चेहऱ्यावर एकेक आठवण येत होती, मावशींसमोर कोण कधी काय काय बोललं त्याची. मग त्या वळल्या, गुडघे टेकले, आणि त्यांची प्रार्थना सगळ्यांना ऐकू आली.

"प्रभू, आहे ते हे असं आहे. घेणार असशील तर घे."

मावशी पुढच्या बाकावर ताठ बसून होत्या. त्यांनी मान वळवली नाही. पण त्या ऐकत होत्या, आणि आता ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.